तटाच्या आत नांदणारं गाव

बाकीच्या गडांवर माणूस चढतो, बघतो, उतरतो. पन्हाळ्यावर एसटी येते. कोल्हापूरपासून जेमतेम वीस किलोमीटर. घाट चढून रस्ता चार दरवाजापाशी गडात शिरतो, पण तिथे दरवाजाच नाही. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला. नाव मात्र पन्हाळकरांच्या रोजच्या बोलण्यात टिकून आहे.

शिलाहार राजा दुसरा भोज याने वसवलेला हा गड. १६६० चा सिद्दी जौहरचा वेढा शाळकरी पोरांनाही पाठ असतो. १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंदाने अवघ्या साठ मावळ्यांनिशी गड परत घेतला, ते मात्र कमी लोकांना आठवतं. कवी मोरोपंतांचा जन्म इथलाच, १७२९ चा. करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानाची राजधानी १७८२ पर्यंत इथेच होती.

खरं पाऊल अडतं ते अंबरखान्यात. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारांची नावं. गंगा कोठीत शिरलं की उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो. जाड दगडी भिंती, वर घुमटी छत आणि छताला चौकोनी भोकं. धान्य दारातून आत न्यायचं नाही. बाहेरच्या पायऱ्यांनी पोती छतावर चढवायची आणि त्या भोकांतून खाली ओतायची. आज त्याच भोकांतून उन्हाचे चौकोन जमिनीवर पडतात. वेढ्यात माणसं कशी तगली असतील, हे इथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

बाहेर चुलीवर भाकरी थापली जात असते. झुणका, खरडा, मडक्यातलं दही. पर्यटकाला जेवू घालून कितीतरी घरं चालतात. गडाला नगरपरिषद आहे, वस्ती तीनेक हजारांची.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं. त्यात पन्हाळा आहे, आणि अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट आहे. पण त्याआधी याच गावाने या मानांकनाविरोधात बंद पाळला होता, आणि बांधकामावरची बंधनं वाढतील ही त्यामागची भीती उगाच नव्हती. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरांत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. अख्खं गावच तटाच्या आत असेल, तर मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवायची कुठे? २०२१ च्या जुलैत चार दरवाजाजवळ रस्ता खचला, तेव्हा गावाची मुख्य वाटच तुटली. तट जपायचा तर दुरुस्ती हवी, रस्ता हवा, आणि इथे बारा महिने राहणारी माणसंही हवीत. शंभर मीटरांच्या आतल्या घराला साधी डागडुजी करायची तरी आधी अर्ज करावा लागतो. आणि पन्हाळ्याचा पाऊस मंजुरीसाठी थांबत नाही.