घर आणि भवताल (भाग ७) : भूकंपाच्या देशातली मातीची भिंत

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, बे ऑफ प्लेंटीच्या किनाऱ्यापासून थोडं आत, तानेआतुआ नावाचं छोटं गाव आहे. मार्च २०१४ मध्ये तुहोए या माओरी जमातीनं तिथे आपली इमारत खुली केली. तिचं नाव ते कुरा फारे. जमातीचं कार्यालय, सभागृह, ग्रंथालय आणि दफ्तरखाना, आल्यागेल्यासाठी कॉफीची जागा, सगळं एका छपराखाली. भिंतींना पाच हजारांच्या आसपास कच्च्या मातीच्या विटा लागल्या. जमातीतल्याच माणसांनी चिखल कालवून, साच्यात भरून त्या पाडल्या आणि वाळवल्या. भट्टी लागलीच नाही.

तुहोएंचा आणि जमिनीचा इतिहास माहीत असल्याशिवाय या विटांचं मोल कळत नाही. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी प्रमुख यांच्यात झालेल्या १८४० च्या वायतांगी करारावर या जमातीनं सही केली नव्हती. तरी १८६६ मध्ये सरकारनं त्यांची सुपीक जमीन जप्त केली. उरलेला ते उरेवेराचा डोंगराळ, अरण्यमय प्रदेश १९५४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला आणि आपल्याच रानात तुहोए पाहुण्यासारखे झाले. जमातीचे मुख्य वाटाघाटकार तमाती क्रूगर यांच्या नेतृत्वाखाली सरकारशी दीर्घ वाटाघाटी झाल्या, २०१३ मध्ये तडजोडीवर सह्या झाल्या. २०१४ च्या कायद्यानं राष्ट्रीय उद्यान संपुष्टात आलं. ते उरेवेराला स्वतःचं कायदेशीर व्यक्तित्व मिळालं. त्याच वर्षी उभी राहिलेली ही इमारत त्यामुळे निव्वळ कचेरी उरत नाही. आपल्या भूमीशी आपण कसं वागणार, हे तुहोएंनी इथे बांधून दाखवलं आहे.

वास्तुरचना जॅस्मॅक्स या संस्थेच्या इवान मर्सेप यांची. वेलिंग्टनचं ते पापा हे राष्ट्रीय संग्रहालय घडवणाऱ्या वास्तुविशारदांपैकी ते एक. ते कुरा फारे खुली झाली त्याच वर्षी ते वारले.

तुहोएंनी स्वतःसमोर ठेवलेली कसोटी कडक होती. ‘लिव्हिंग बिल्डिंग चॅलेंज’ नावाची ही प्रमाणपत्र-व्यवस्था २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झाली. नकाशावरच्या वचनांना ती गुण देत नाही. लोक राहायला-वावरायला लागल्यावर सलग बारा महिने मोजणी होते, आणि वर्षभरात इमारतीनं वापरली तेवढी वीज तिनं स्वतः निर्माण केलेली असावी लागते. तानेआतुआत ते काम छपरावरची जवळपास चारशे सौरपटलं करतात. पावसाचं पाणी साठवलं जातं, सांडपाणी आवारातच वनस्पतींच्या मदतीनं शुद्ध होतं.

सर्वांत जाचक अट बांधकाम साहित्याची. शिसं, पारा, फॉर्माल्डिहाइड, पीव्हीसी अशा घातक द्रव्यांची एक निषिद्ध यादीच आहे. आजच्या बांधकामात पीव्हीसी कुठे नसतं? वायरीच्या वेष्टनात असतं, नळात असतं, फरशीवरच्या पांघरुणात असतं. म्हणजे प्रत्येक वस्तूमागे ‘यात काय काय आहे?’ असं पुरवठादाराला विचारत बसणं आलं. कच्च्या विटेच्या बाबतीत हा प्रश्न निम्म्यानं सुटतो, कारण माती, वाळू, पाणी आणि तिला बांधणारा एखादा घटक यापलीकडे तिच्यात फारसं काही नसतं. इमारतीनं ही कसोटी पार केली. न्यूझीलंडमध्ये असं पूर्ण प्रमाणपत्र मिळवणारी ती पहिली.

इथवर वाचून मराठवाड्यातल्या वाचकाच्या मनात एकच शंका येईल, आणि ती रास्त आहे. भूकंपाच्या देशात मातीची भिंत? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट लातूर-धाराशिवमध्ये कोण विसरेल! आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालं होतं, दमून माणसं झोपली होती, आणि चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात हजारो माणसं आपल्याच घराखाली गाडली गेली. जाड दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, आतला आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंफलेला, आणि डोक्यावर वर्षानुवर्षं माती चढवलेलं माळवद. भिंत फुगून फाकली की माळवदाचा सगळा भार खाली. त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. मातीवरचा विश्वास मात्र त्या ढिगाऱ्यातच राहिला.

न्यूझीलंडनंही भूकंपात कमी सोसलेलं नाही. १९३१ मध्ये नेपियरमध्ये विटांच्या इमारती रस्त्यावर कोसळल्या. त्या आपत्तीत २५६ माणसं गेली. २२ फेब्रुवारी २०११ रोजी क्राइस्टचर्चमध्ये १८५ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले ११५ एकाच, सीटीव्ही नावाच्या इमारतीत होते, आणि ती होती प्रबलित काँक्रीटची. चौकशी आयोगाला तिच्या आराखड्यातच दोष आढळले. सिमेंट आणि सळई म्हणजे आपोआप सुरक्षितता, हा आपल्याकडचा समज या एका उदाहरणानं हलायला हवा.

उलट, त्या देशात मातीची जुनी घरं टिकून आहेत. उत्तरेला रसेल गावात फ्रेंच मिशनऱ्यांनी १८४१-४२ मध्ये माती ठोकून बांधलेला छापखाना, पॉम्पालिए, आजही पाहता येतो. माओरी भाषेतली पुस्तकं तिथे छापली जात. नेल्सनजवळ ब्रॉडग्रीन हे माती-पेंढ्याच्या जाड भिंतींचं घर १८५५ च्या सुमाराचं. मात्र जुन्या घरांच्या भरवशावर नवी बांधायची नाहीत, एवढं शहाणपण तिथल्या अभियंत्यांनी आणि मातीकाम करणाऱ्यांनी दाखवलं. १९९८ मध्ये मातीच्या बांधकामाची तीन राष्ट्रीय मानकं प्रसिद्ध झाली : ४२९७, ४२९८, ४२९९. पहिलं अभियंत्यासाठी, दुसरं माती कशी पारखायची आणि काम कसं करायचं यासाठी. तिसरं सर्वांत मोलाचं. साध्या, लहान घरासाठी भिंतीची जाडी किती, उंची किती, सळई कुठे, वरून सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा कसा, हे त्यात ठरवून दिलं आहे; त्या चौकटीत बांधणाऱ्याला स्वतंत्र आराखडा-गणित करून घ्यावं लागत नाही. वीट किती बळकट झाली, हे बांधकामाच्या जागीच सोप्या चाचण्यांनी तपासता येतं.

मातीला मर्यादाही आहेत. जड भिंत उष्णता उशिरा आत घेते आणि उशिरा सोडते. दिवसा तापून रात्री निवणाऱ्या मराठवाड्यात हे वरदान आहे. पण दिवसेंदिवस गारठा असलेल्या प्रदेशात नुसती माती पुरत नाही, तिच्या जोडीला उष्णतारोधक थर लागतो. गेल्या भागात आलेला ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास आठवावा. १,३५० कुटुंबांच्या त्या अभ्यासानं २००७ मध्ये दाखवलं होतं, की घराला असा थर दिल्यावर माणसांची तब्येत सुधारते, मुलांची शाळा कमी बुडते. हवेतला दमटपणा शोषून घेण्याचा मातीचा गुण तिथल्या ओलसर घरांत उपयोगी पडतो. थंडी अडवण्याचं काम तिच्याकडून होत नाही.

आपल्याकडेही नियम आहे. मातीच्या इमारतींची भूकंपात टिकण्याची क्षमता वाढवण्यासाठी भारतीय मानक १३८२७ निघालं तेही, योगायोग म्हणजे, १९९३ मध्येच. कोपऱ्यांची बांधणी, दारं-खिडक्यांची जागा आणि रुंदी, भिंतींवरचा पट्टा, सगळं त्यात आहे. पण सरकारी मोजणीत मातीची भिंत दिसली की घर कच्चं ठरतं आणि घरकुल योजना ते पाडून सिमेंटचं बांधायला पैसे देते. मानक सांगतं, माती अशी वापरा. योजना सांगते, माती सोडा. या दोहोंच्या मध्ये उभ्या असलेल्या गवंड्यानं कोणाचं ऐकावं? किल्लारीनंतर मातीला कायमचं हद्दपार करण्यापेक्षा औसा-उमरग्याच्या गवंड्यांना नियमानुसार मातीची भिंत बांधायला शिकवणं आणि तशा घराला घरकुलाचा हप्ता मिळणं अधिक न्यायाचं झालं असतं. अजूनही होईल.

तुहोए तानेआतुआवर थांबले नाहीत. वाइकारेमोआना सरोवराकाठी त्यांनी याच कसोटीवर दुसरी इमारत बांधली. त्या मागोमाग वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठानं आपल्या माओरी विद्यार्थ्यांच्या मराएसाठी, म्हणजे एकत्र जमण्याच्या पारंपरिक जागेसाठी, तीच वाट धरली. त्या इमारतीचं नाव न्गा मोकोपुना. भर शहरात, उतारावर, लाकडी सांगाड्याची ही वास्तू कशी उभी राहिली, ते पुढच्या भागात.