रेषेवरचं झाड कुणाचं?

गेल्या आठवड्यात पाडलेल्या ओंडक्याचं घनफळ काढायची चौथाई घेराची जुनी रीत पाहिली, आणि तिच्यात साडेएकवीस टक्के लाकूड हिशेबातून कसं निसटतं तेही पाहिलं. तिथे निदान ओंडका समोर आडवा पडलेला होता. उभ्या जंगलाचं तसं नसतं. हजार हेक्टरांवरचं एकेक झाड मोजायला ना तेवढी माणसं मिळतात, ना तेवढा हंगाम. मग नमुना घ्यावा लागतो. नमुना घ्यायचा म्हणजे कुठेतरी रेषा आखायची आणि म्हणायचं, इथपर्यंतचं आपलं, पुढचं नाही. आजचा लेख या रेषेवर उभ्या असलेल्यांबद्दल आहे.

आपल्याकडे वनसर्वेक्षणात ०.१ हेक्टरचा चौरस प्लॉट बरीच वर्षं वापरात राहिला. त्याची बाजू ३१.६२ मीटर, म्हणजे कडेकडेने फिरलं तर जवळपास १२६ मीटरची रेघ. जंगल काही ही रेघ पाहून उगवलेलं नसतं. एखादा साग नेमका दोरीवर येतो, अर्धा आत आणि अर्धा बाहेर. सर्वसाधारण नियम असा की छातीच्या उंचीवर, म्हणजे आपल्याकडच्या प्रथेप्रमाणे जमिनीपासून १.३७ मीटरवर, खोडाचा मध्य आत असेल तर झाड आत. नियम सोपा आहे, पण तो पाळणारा माणूस दमलेला असतो आणि मोठा साग सोडून द्यायचं त्याच्या जिवावर येतं.

ऑस्ट्रियातल्या वाल्टर बिटरलिख या वनाधिकाऱ्याने १९४८ साली एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात दोरी नाही आणि ठरलेला प्लॉटही नाही. एक मीटर लांबीची काठी घ्यायची, तिच्या टोकाला २ सेंटिमीटर रुंदीची पट्टी आडवी बसवायची. काठीचं दुसरं टोक डोळ्याशी धरून जागच्या जागी एक पूर्ण गिरकी घ्यायची. छातीच्या उंचीवर जे खोड पट्टीपेक्षा रुंद दिसेल ते मोजायचं, जे पट्टीमागे झाकलं जाईल ते सोडायचं. समजा १८ झाडं मोजली गेली. तर त्या ठिकाणी हेक्टरी १८ चौरस मीटर खोडांचा छेद उभा आहे, म्हणजे सगळी झाडं छातीच्या उंचीवर कापली तर बुंध्यांच्या गोल तोंडांचं एकूण क्षेत्रफळ तेवढं भरेल. एकाही झाडाला हात न लावता!

जादू वाटते, पण हिशेब शाळेतला आहे. काठीचं गुणोत्तर ५० ला १. म्हणून ४० सेंटिमीटर व्यासाचं झाड २० मीटर अंतरापर्यंतच पट्टीबाहेर डोकावतं. २० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ १२५७ चौरस मीटर, आणि त्या झाडाच्या छेदाचं ०.१२५७ चौरस मीटर, म्हणजे बरोबर दहा हजारावा भाग. दहा सेंटिमीटरचं बारीक झाड ५ मीटरपर्यंतच मोजलं जातं. तिथे वर्तुळ ७८.५ चौरस मीटरचं आणि छेद ०.००७८५ चा. पुन्हा दहा हजारावा भाग. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, तेव्हा झाड जाड असो की बारीक, मोजलं गेलेलं प्रत्येक झाड हेक्टरी एक चौरस मीटरची हमी देतं. बिटरलिख यांनी प्लॉट रद्द केला असं वरवर दिसतं. खरं तर त्यांनी प्रत्येक झाडाला त्याच्या मापाचा स्वतंत्र प्लॉट दिला.

म्हणजे रेषाही प्रत्येक झाडाची वेगळी झाली, आणि दर गिरकीत एखाददुसरं खोड पट्टीच्या बरोब्बर रुंदीचं दिसतंच. तेव्हा टेप काढून झाडापर्यंतचं अंतर मोजायचं, खोडाचा व्यास घ्यायचा, आणि अंतर व्यासाच्या पन्नास पटीच्या आत आहे का ते पाहायचं. घाईत असाल तर असं झाड अर्धं धरायचं. बऱ्याच पाहण्यांमध्ये अर्धंच धरतात. त्याने सरासरी बिघडत नाही. बिघडते ती ‘धरून टाका, दिसतंय की’ या वृत्तीने.

आता जंगलातून पॅथॉलॉजी लॅबमध्ये येऊ. न्यूबॉअर चेंबर नावाची जाड काच जुन्या तंत्रज्ञांच्या हातात आयुष्यभर राहिली. तिच्यावर कोरलेली जाळी असते आणि वर झाकणकाच ठेवली की मध्ये बरोबर ०.१ मिलिमीटरची फट उरते. लाल पेशी मोजायच्या तर रक्त दोनशेपट पातळ करून त्या फटीत सोडायचं, पेशी खाली बसू द्यायच्या, मग मधल्या चौकोनातली ठरलेली ८० बारीक घरं एकेक करून मोजायची. ओळीने डावीकडून उजवीकडे, पुढच्या ओळीत उजवीकडून डावीकडे, बोट क्लिक-काउंटरवर. आलेल्या आकड्यावर चार शून्यं चढवली की एका घन मिलिमीटरमधल्या पेशी. ४५० मोजल्या तर ४५ लाख.

या बारीक घराची बाजू ०.०५ मिलिमीटर आणि लाल पेशीचा व्यास सुमारे ०.००७५ मिलिमीटर. घर एवढं लहान आणि पाहुणा एवढा मोठा, त्यामुळे रेषेवर पाय ठेवून बसलेल्या पेशी भरपूर. प्रत्येक घरात रेषेला शिवणारी प्रत्येक पेशी धरली तर काय होईल? गणित करून पाहा, उत्तर सुमारे ३२ टक्के जास्त येतं. ४५ लाखांचे ५९ लाख होतात, आणि रक्त जरा कमीच असलेला रुग्ण कागदावर रक्ताने ओसंडून वाहायला लागतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला बजावलेलं असतं, वरची आणि डावी रेषा आपली. खालची आणि उजवी शेजाऱ्याची. दोन्हींना शिवत असेल तर नकार जिंकतो. याने प्रत्येक पेशी कुठल्या तरी एकाच घरात मोजली जाते. चार घरांच्या चौकात बसलेली पेशीसुद्धा त्या चारांपैकी एकाच्याच वाट्याला येते, हे कागदावर चार रेघा मारून कुणालाही पडताळता येईल.

हा नियम गोल, लहान पेशींपुरता ठीक आहे. ऊतींच्या छेदांत मात्र आकार वेडेवाकडे असतात. एखादा लांब, वळसा घेणारा तुकडा चौकटीबाहेरून फिरून पुन्हा आत शिरतो आणि दोनदा मोजला जातो. डेन्मार्कच्या हान्स यॉर्गेन गुंडर्सन यांनी १९७७ साली यावर उपाय सुचवला. निषिद्ध रेषा चौकटीच्या कोपऱ्यावर थांबवायच्याच नाहीत. एक टोक वर आणि दुसरं खाली असं अनंतापर्यंत लांबवायचं. त्या लांबवलेल्या रेषेला कुठेही शिवलेला तुकडा बाद. एवढ्या लहानशा दुरुस्तीसाठी सूक्ष्मदर्शक वापरणाऱ्यांच्या किती पिढ्या गेल्या, याचं मला अजून नवल वाटतं. १९८४ साली पेशींची त्रिमितीतली संख्या काढायची पद्धत आली. दोन समांतर छेद घ्यायचे आणि एकात दिसणाऱ्या पण दुसऱ्यात न दिसणाऱ्या पेशी तेवढ्या मोजायच्या. थोडक्यात, पेशी मोजायच्या नाहीत, त्यांची टोकं मोजायची. प्रत्येक पेशीला त्या बाजूचं टोक एकच. या पद्धतीचं नाव डिसेक्टर आणि निबंधावर लेखकाचं नाव डी. सी. स्टेरिओ. अक्षरं इंग्रजीत लिहून उलटसुलट करून पाहा. गुंडर्सन यांनी टोपणनाव घेतलं होतं.

टोपणनावांचा या क्षेत्राला शापच असावा. डब्लिनमधल्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात काम करणारे विल्यम गॉसेट ‘स्टुडंट’ या नावाने लिहीत. १९०७ सालच्या त्यांच्या निबंधाचा विषय होता, असल्याच काचेवर यीस्टच्या पेशी मोजताना होणारी चूक. चारशे घरांतल्या पेशी मोजून त्यांनी दाखवलं की मोजणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी निव्वळ योगायोगाने आकडा हलतो, आणि किती हलतो ते मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळावरून ठरतं. ४५० पेशी मोजल्या तर २१ इकडेतिकडे, म्हणजे जवळपास ५ टक्के. जास्त मोजा, चूक आटत जाते.

काठावरची चूक मात्र जास्त मोजून आटत नाही. हा मुद्दा भारतात सगळ्यात कडाडून मांडला गेला तो रक्ताच्या नव्हे, पिकाच्या बाबतीत. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या आणि इतर पिकांच्या नमुना पाहण्या उभ्या केल्या. त्यांचा कल लहान तुकड्यांकडे होता, कारण तेवढ्याच मजुरीत तुकडे पुष्कळ होतात आणि योगायोगाची चूक घटते. तिकडे दिल्लीत भारतीय कृषी संशोधन परिषदेत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, साताऱ्याकडच्या बुध गावचे, फर्ग्युसनमध्ये शिकलेले. लहान तुकडा हेक्टरी उतारा फुगवून सांगतो, हे त्यांनी प्रत्यक्ष शेतांत वेगवेगळ्या मापांचे तुकडे कापून दाखवलं आणि १९४६ साली ‘नेचर’मध्ये छापलं. लहान तुकड्यांतला हा दोष महालनोबिस यांच्याही नजरेतून सुटला नव्हता. वाद होता तो इलाजाचा.

या दोषाचं कारण घराच्या आणि पेशीच्या हिशेबातलंच आहे. ६० सेंटिमीटर त्रिज्येचं कडं गव्हात टाकलं आणि कापणाऱ्याने कडेची ५ सेंटिमीटरांतली रोपं सढळ हाताने आत ओढली, तर उतारा १७ टक्क्यांनी वाढतो. १० बाय ५ मीटरच्या चौकोनात चारही बाजूंना तेवढीच ढिलाई केली तर ३ टक्के. क्षेत्र लहान झालं की त्या मानाने काठ मोठा होतो, आणि मन काठावर डळमळतं. भरलेली ओंबी दोरीबाहेर सोडून द्यायला कुणाचा हात धजावत नाही. शंभर कडी टाकली तर शंभरदा तीच भर पडते. सरासरी काढून ती जात नाही. माझ्या मते सुखात्म्यांचं सगळ्यात उपयोगी काम हेच आहे, पोषणाच्या आकड्यांवरून त्यांचं नाव अधिक गाजलं असलं तरी.

आजही महाराष्ट्रात दर हंगामात पीक कापणी प्रयोग होतात आणि त्यांच्यावर पीक विम्याचा निवाडा होतो. गट नंबर यादृच्छिक पद्धतीने निवडायचा, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून ठरलेली पावलं मोजून प्लॉटचा पहिला कोपरा धरायचा, खुंट्या ठोकून दोरी ताणायची. १० बाय ५ च्या प्लॉटला कर्ण ११.१८ मीटर भरला पाहिजे. नाहीतर चौकोन तिरका झाला आणि क्षेत्र कमी झालं. ज्याचा बुंधा दोरीच्या आत ते रोप आत, मग त्याचं कणीस बाहेर लोंबत का असेना. मंडळातलं सरासरी उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या खाली गेलं तर भरपाई. आकडा फुगला तर शेतकरी बुडतो, आटला तर कंपनी. त्यामुळे दोरीभोवती कृषी सहायक, शेतकरी आणि विमा कंपनीचा प्रतिनिधी डोळे लावून उभे असतात ते उगाच नाही. शेजारची मोकळी दहा एकरं सोडून सगळ्यांची नजर त्या तीस मीटर दोरीवर.

पोलादाच्या कारखान्यात हाच प्रश्न फार शांतपणे सुटला. धातूचा तुकडा आरशासारखा घासायचा, नायटलने, म्हणजे अल्कोहोलमधल्या नायट्रिक आम्लाने, खरवडायचा, आणि शंभरपट मोठा करून ७९.८ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात किती ग्रेन, म्हणजे धातूचे स्फटिककण, दिसतात ते मोजायचं. जेफ्रीज यांची रीत अशी की पूर्ण आतला ग्रेन एक, वर्तुळाने कापलेला अर्धा. ग्रेन जितके बारीक तितकं पोलाद बळकट, हे पुढे हॉल आणि पेच यांनी १९५० च्या दशकात सूत्रात बसवलं. इथे कुणाचा विमा अडकलेला नसतो, म्हणून ‘अर्धा’ यावर भांडण होत नाही.

आणि रेषाच काढून टाकली तर? वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली पेटंट मिळालेलं यंत्र तेच करतं. बारीक छिद्रातून पेशी एकामागून एक जातात, प्रत्येकीला विजेचा एक ठोका पडतो. आज जिल्ह्याच्या गावातल्या लॅबमध्येही याच तत्त्वाचं यंत्र सापडतं. काठ उरला नाही, पण दोन पेशी जोडीने छिद्रातून गेल्या तर यंत्र त्यांना एक समजतं. म्हणून यंत्राच्या आतच जोडप्यांची दुरुस्ती बसवलेली असते. प्लेटलेट्सच्या बाबतीत गोष्ट बिकट होते. काहींच्या रक्तात, ते गोठू नये म्हणून नळीत घातलेल्या ईडीटीएमुळे प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात, गठ्ठे प्लेटलेट म्हणून मोजलेच जात नाहीत, आणि डेंग्यूच्या दिवसांत रिपोर्टवर ४० हजार पाहून घरच्यांचे हातपाय गळतात. जाणता डॉक्टर तेव्हा स्मिअर पाहायला सांगतो, आणि काचेवर गठ्ठे दिसले तर सायट्रेटच्या नळीत नव्याने रक्त घ्यायला लावतो. त्या नळीत रक्ताच्या नऊ भागांना एक भाग द्रावण आधीच भरलेलं असतं, म्हणून यंत्राच्या आकड्याला १.१ ने गुणावं लागतं. ते गुणायचं राहून गेलं तर काय होतं आणि पातळ करण्याच्या अशा गुणकांवर प्रयोगशाळा किती विसंबून असते, ते पुढच्या आठवड्यात.