मुखमैथुन : धोका कोणता, काळजी कोणती?
मुखमैथुनाने गर्भ राहत नाही, म्हणून ते पूर्ण निर्धोक असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. गनोरिया, सिफिलिस, हर्पीस आणि एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) यांची लागण या मार्गाने होते. एचआयव्हीचा धोका मात्र फारच कमी असतो. घशातल्या गनोरियाची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. एचपीव्हीच्या १६ क्रमांकाच्या प्रकारामुळे पुढे घशाचा कर्करोग होऊ शकतो. या विषाणूवर लस आहे. लैंगिक संबंध सुरू होण्यापूर्वी घेतल्यास ती अधिक उपयोगी पडते.

कंडोम किंवा लॅटेक्सचा पातळ पडदा वापरावा. तोंडात वा जननेंद्रियावर फोड, जखम असेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर संबंध टाळावा. शंका आल्यास दोघांनीही संकोच न बाळगता तपासणी करून घ्यावी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या १०९७ या निःशुल्क क्रमांकावर माहिती मिळते.