काचपट्टीपलीकडचा माणूस

१९४५ साली एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मुंबईहून गेलेला एक शोधनिबंध छापून आला. तो लिहिला होता परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि बी. सूर्याबाई यांनी. हॉस्पिटल सुरू होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. भारतात आढळणाऱ्या तीन कर्करोगांचे नाते या निबंधाने लोकांच्या सवयींशी जोडले. धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसल्याने कमरेच्या त्वचेला होणारा एक, तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठात धरून ठेवल्याने होणारा दुसरा आणि चुट्ट्याचे, म्हणजे तंबाखूच्या जाड विडीचे, पेटते टोक तोंडात घेऊन ओढल्याने टाळूला होणारा तिसरा.

सूक्ष्मदर्शकाखाली पेशी कर्करोगाची आहे एवढे कळते. ती ज्या माणसाची आहे तो धोतर कसे नेसतो, खैनी ओठात किती वेळ धरतो, चुट्टा कसा ओढतो, हे काचपट्टी सांगत नाही. ते कुणीतरी त्या माणसाला विचारावेच लागते. म्हणून हा निबंध मला रुग्ण आणि प्रयोगशाळा यांच्यातल्या संवादाचा एक आरंभबिंदू वाटतो. पुढच्या ऐंशी वर्षांत हा संवाद तुटला, पुन्हा जुळला आणि बदललाही. सुरुवातीला प्रश्न विचारण्याचा अधिकार फक्त प्रयोगशाळेकडे होता. हळूहळू तो रुग्णाकडेही आला. या प्रवासाचा मागोवा घ्यायचा तर आधी तो तुटला कसा, हे पाहायला हवे.

१९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये हेन्रिएटा लॅक्स ही ३१ वर्षांची कृष्णवर्णीय स्त्री गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेली. उपचारांच्या वेळी तिच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवण्यात आला होता. तिथे त्या पेशी वाढतच राहिल्या. 'हेला' या नावाने त्या जगभर गेल्या, पोलिओच्या लशीपासून कर्करोगाच्या संशोधनापर्यंत सगळीकडे वापरल्या गेल्या. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत पुढे डॉ. कमल रणदिवे यांनी पेशीसंवर्धनाचे काम केले आणि परतल्यावर परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्या तंत्राचा पाया घातला. आपल्या कर्करोग संशोधनाची एक मुळी थेट बाल्टिमोरला पोहोचते ती अशी.

पेशी हाती आली की माणसाची गरज उरत नाही, असे प्रयोगशाळांना वाटू लागण्याचा हा काळ. लॅक्स कुटुंबाला आईच्या पेशी जिवंत असल्याचे कळले ते १९७३ साली, वीस वर्षांहून अधिक काळाने. त्याच सुमारास संशोधकांनी घरच्यांचे रक्त तपासायला नेले. ते हेला पेशींच्या अभ्यासासाठी होते, पण घरच्यांना वाटले की आपल्यालाही कर्करोग आहे का ते बघताहेत. हेन्रिएटाची मुलगी डेबोरा हिने पेशींवरून आईच्या प्रतिकृती बनवल्या असतील, त्या कुठेतरी फिरत असतील, ही भीती कित्येक वर्षे बाळगली. ही भीती अडाणीपणातून आली नव्हती. कुणी काही सांगितलेच नाही तर माणूस स्वतःच उत्तरे रचतो.

२००१ साली जॉन्स हॉपकिन्सचे संशोधक क्रिस्टोफ लेंगॉअर यांनी डेबोराला आणि तिच्या भावाला आपल्या प्रयोगशाळेत बोलावले. त्यांनी पडद्यावर हेला पेशी दाखवल्या, पेशी म्हणजे काय, डीएनए म्हणजे काय, हे समजावले आणि विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले. यासाठी महागडे यंत्र लागले नाही, मोठा निधीही लागला नाही. तरी ही भेट व्हायला पन्नास वर्षे लागली. २०१३ साली हेला पेशींचा संपूर्ण जनुकीय आराखडा कुटुंबाला न विचारता प्रसिद्ध झाला, तेव्हा मात्र अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुटुंबाशी बोलणी केली. ती माहिती कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या समितीत कुटुंबातल्या दोघांना जागा मिळाली.

मधल्या काळात रुग्णांनी स्वतःच दार ठोठावायला सुरुवात केली होती. पत्रकार रोझ कुशनर यांना १९७४ साली छातीत गाठ लागली. त्या काळी स्त्रीला भूल दिली जाई, गाठीचा तुकडा तिथल्या तिथे तपासला जाई आणि कर्करोग निघाला तर त्याच भुलीत संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी काढून टाकल्या जात. जागे झाल्यावर काय उरलेले असेल, हे तिला झोपताना ठाऊक नसे. कुशनर यांनी तपासणी आणि शस्त्रक्रिया वेगवेगळी करण्याचा आग्रह धरला, वैद्यकीय नियतकालिके वाचली, संशोधकांना गाठले आणि १९७५ साली पुस्तक लिहिले. १९७९ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञमंडळात त्या डॉक्टर नसलेल्या एकमेव सदस्य होत्या. ती जुनी सर्वनाशी शस्त्रक्रिया यापुढे प्रमाण उपचार मानू नये, असा निर्णय त्या मंडळाने दिला.

त्याच काळात पिट्सबर्गचे डॉ. बर्नार्ड फिशर प्रयोगशाळेतल्या कामावरून म्हणत होते की कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे लवकरच पसरू शकतात, त्यामुळे अधिक कापल्याने अधिक जीव वाचतीलच असे नाही. हे सिद्ध करायला चाचण्या हव्या होत्या आणि चाचण्यांना हो म्हणणाऱ्या हजारो स्त्रिया हव्या होत्या. १९८५ साली निष्कर्ष आले: फक्त गाठ काढून रेडिएशन दिलेल्या स्त्रिया संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांइतक्याच जगत होत्या. फिशर यांच्याकडे सिद्धान्त होता, कुशनर यांच्यासारख्यांकडे प्रश्न होता. दोन्ही एकाच वेळी पुढे आले म्हणून असंख्य स्त्रियांचे शरीर वाचले.

नव्वदच्या दशकात या प्रश्नांना खुर्ची मिळाली. १९९१ साली अमेरिकेत राष्ट्रीय स्तन-कर्करोग आघाडी स्थापन झाली. तिच्या रेट्यामुळे संरक्षण खात्यामार्फत २१ कोटी डॉलरचा संशोधन निधी मंजूर झाला आणि तो वाटताना शास्त्रज्ञांच्या शेजारी हा आजार भोगलेल्या स्त्रियाही बसू लागल्या. त्यांनी नुसत्या आठवणी सांगू नयेत, संशोधनाचा प्रस्ताव वाचून त्यावर मत द्यावे, म्हणून आघाडीने १९९५ पासून त्यांना पेशी, जनुके आणि संख्याशास्त्र शिकवणारे वर्ग चालवले. रुग्ण भावनेने बोलतात, विज्ञान त्यांना झेपणार नाही, हा आक्षेप या वर्गांनी खोडून काढला. झेपण्यासाठी कुणीतरी शिकवावे लागते, एवढेच.

या प्रवासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा टप्पा २०१७ सालचा. अँजिओसार्कोमा हा रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा दुर्मीळ कर्करोग. अमेरिकेत वर्षाला त्याचे तीनशेच्या आसपास रुग्ण सापडतात, तेही देशभर विखुरलेले. एका हॉस्पिटलला अभ्यासापुरते रुग्ण मिळणेच अशक्य. पण रुग्णांनी समाजमाध्यमांवर एकमेकांना आधीच शोधून काढले होते. बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये काम करणाऱ्या कॉरी पेंटर संशोधक होत्या आणि स्वतः याच रोगाच्या रुग्णही. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांशी बोलत बोलत प्रकल्पाची आखणी केली. नमुने टपालाने मागवले, जुने रिपोर्ट मिळवले. दीड वर्षात ३३८ रुग्णांनी नावे नोंदवली. २०२० साली निष्कर्ष आले. डोके, चेहरा, मान या भागांतल्या गाठींत जनुकीय बदल फार मोठ्या संख्येने होते आणि त्यांवर उन्हाच्या माऱ्याच्या खुणा होत्या. अशा गाठी असलेल्या दोन रुग्णांना प्रतिकारशक्तीवर काम करणारे औषध आधीच मिळाले होते आणि ते विलक्षण बरे झाले होते. कोणाला काय दिले आणि पुढे काय झाले, हे रुग्णांच्या सोबतीमुळेच जनुकांच्या माहितीशेजारी ठेवता आले.

आपल्याकडेही दोन्ही बाजू जवळ येत आहेत. पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन आणि 'आयसर' (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) यांनी मिळून रुग्णालय व प्रयोगशाळा जोडणारे संशोधन केंद्र उभे केले आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेली 'नेक्सकार१९' ही कर्करोगावरची उपचारपद्धती आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून आली. तिच्यात रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी प्रयोगशाळेत बदलून त्याच्याच शरीरात परत सोडल्या जातात. इथे औषधाची प्रत्येक पिशवी एका माणसाची असते आणि तो कोण, हे विसरून चालतच नाही.

पण एरवी आपला रुग्ण शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी, धास्तावलेल्या मनाने, उरलेली गाठ संशोधनासाठी वापरायला सही देतो आणि बोलणे तिथेच संपते. त्या गाठीतून काय कळले, हे त्याच्या घरी पोहोचण्याची ठरलेली वाट क्वचितच असते. संशोधकांना खोटी आशा लावण्याची धास्ती वाटते आणि ती रास्तही आहे. पण यातून तुम्हाला कदाचित काहीच मिळणार नाही, पुढच्या कुणाला मिळेल, हे सरळ सांगितले तर आपली माणसे ते समजून घेतात. त्यासाठी तीन गोष्टी आजही करता येतील. संमतीबद्दल सहीच्या घाईत नव्हे, निवांत आणि मराठीत बोलावे. नमुना दिलेल्यांना वर्षातून एकदा प्रयोगशाळेत बोलावून काम दाखवावे. आणि कोणत्या प्रश्नावर संशोधन व्हावे हे ठरवताना तो आजार भोगलेल्या माणसांनाही बसवावे. ऐंशी वर्षांचा अनुभव हेच सांगतो, की रुग्णाला विचारले तेव्हा विज्ञान पुढे गेले आणि रुग्णाने विचारले तेव्हा ते योग्य दिशेने गेले.