ऊन पाण्याचे सुख, विजेची शिस्त

दिवाळीच्या पहिल्या अभ्यंगस्नानापासून माघातल्या थंडीपर्यंत घरोघरी ऊन पाण्याला विशेष मोल असते. एकेकाळी हे काम तांब्याचा बंब करीत असे. त्याचा धोका धुराचा आणि निखाऱ्याचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा होता. आज बंबाची जागा विजेच्या गिझरने घेतली आहे. विजेच्या धोक्याला रंग नाही, वास नाही, आवाजही नाही. म्हणून थंडी सुरू होण्याआधी स्नानगृहातील वीजव्यवस्थेकडे आपण एकदा डोळसपणे पाहावे, हे इष्ट.

ओले अंग आणि २३० व्होल्ट

कोरडी त्वचा विजेला बऱ्यापैकी अडवते. तिचा विरोध कित्येक हजार ओहम असतो. तीच त्वचा भिजली की शरीराचा एकूण विरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत उतरतो. घरातील वीज २३० व्होल्टची असते. म्हणजे ओल्या, अनवाणी माणसाच्या देहातून २०० मिलीॲम्पिअरहून अधिक प्रवाह वाहू शकतो. साधारण १० ते २० मिलीॲम्पिअरला हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेला नळ सोडवत नाही. त्याहून अधिक प्रवाह छातीतून काही क्षण वाहिला, तर हृदयाची लय विस्कटते. ते रक्त पुढे न ढकलता नुसते थरथरत राहते.

गिझरमधील तापकावर क्षारयुक्त पाण्याने, विशेषतः बोअरवेलच्या पाण्याने, पुटे चढतात. कालांतराने त्याचे वेष्टन कुजते आणि वीज पाण्यात व धातूच्या टाकीत उतरते. तेथून ती नळापर्यंत पोहोचते.

एमसीबी तारेसाठी, आरसीसीबी माणसासाठी

‘आमच्याकडे एमसीबी बसवलेली आहे’ असे अनेकजण निश्चिंतपणे सांगतात. ही निश्चिंतता अपुरी आहे. गिझरसाठीची १६ ॲम्पिअरची एमसीबी प्रवाह १६,००० मिलीॲम्पिअरच्या पुढे गेल्यावरच कार्य करू लागते. तिचे काम तारा तापून आग लागू न देणे हे आहे. माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा असलेला प्रवाह तिच्या खिजगणतीतही नसतो.

माणसाचे रक्षण दोन गोष्टी करतात. पहिली अर्थिंग. तीन पिनांच्या प्लगमधील जाड पिन आणि हिरवी तार गळणाऱ्या विजेला जमिनीकडे जाण्याचा सोपा मार्ग देते. दुसरी आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत येतो की नाही, हे ती सतत ताडून पाहते. घरासाठी ती ३० मिलीॲम्पिअरची निवडावी. तेवढी तफावत पडताच ती क्षणार्धात पुरवठा तोडते. मात्र अतिभारापासून ती वाचवत नाही, म्हणून एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही हव्यात.

जुन्या घरांतील छुपी उणीव

पूर्वी नळाचे पाइप लोखंडी असत आणि गळणारी वीज काही अंशी त्यांतून जमिनीत जाई. नूतनीकरणात तेथे प्लॅस्टिकचे पाइप आले आणि तो अपघाती आधारही गेला. काही ठिकाणी अर्थिंगची तारच नसते, सॉकेटचे तिसरे छिद्र केवळ शोभेचे असते. काही वायरमन न्यूट्रलचीच तार अर्थिंगच्या जागी जोडून देतात. हे फार घातक आहे. न्यूट्रल कुठेही तुटली, तर गिझरच्या धातूच्या आवरणातच वीज उतरते.

परवानाधारक तंत्रज्ञाकडून पुढील गोष्टी तपासून घ्या. नुसता टेस्टर लावून अर्थिंगची खात्री होत नाही. मापन व्हायला हवे.

- गिझरसाठी मुख्य बोर्डापासून तांब्याची स्वतंत्र तार आणि सोबत अर्थिंगची तार असावी. २ किलोवॅटचा गिझर जवळजवळ ९ ॲम्पिअर आणि ३ किलोवॅटचा १३ ॲम्पिअर प्रवाह घेतो. तारेची जाडी त्यानुसार ठरवावी.
- फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच स्नानगृहाबाहेर असावा. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.
- गिझरवर आयएसआय चिन्ह असावे. तापक, ॲनोड आणि सुरक्षा व्हॉल्व्ह यांची वर्षातून एकदा पाहणी व्हावी.
- बादलीत हीटरची कांडी वापरत असाल, तर बटण बंद करून प्लग काढल्याविना पाण्याला बोट लावू नये. बादली धातूची नसावी. मुलांच्या वावरात कांडी मुळीच नको.

गच्चीवर किंवा फार्महाउसच्या अंगणात गरम पाण्याचा टब बसवणाऱ्यांनी हेच नियम अधिक कठोरपणे पाळावेत, कारण तेथे माणूस पाण्यातच बसून असतो. स्वतंत्र पुरवठा, ३० मिलीॲम्पिअरची आरसीसीबी आणि पावसापाण्यात टिकणारी जोडणी अनिवार्य समजावी. बंद करण्याचा स्विच टबातून दिसावा, पण टबात बसून हाताला लागू नये. वळवाचे ढग गडगडू लागताच पाण्याबाहेर यावे.

झटका बसलाच तर

नळाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर तो इशारा समजा. गिझर बंद करा आणि दुरुस्तीपर्यंत वापरू नका.

कुणी विजेला चिकटले असेल, तर त्या व्यक्तीला स्पर्श करू नका; आधी मुख्य स्विच बंद करा. श्वास थांबला असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. व्यक्ती सावरली, तरी डॉक्टरांकडून हृदयाचा आलेख काढून घ्यावा.

आरसीसीबीवर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेले लहानसे बटण असते. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते दाबून पाहा. पुरवठा तत्काळ खंडित झाला, तर आरसीसीबीची यंत्रणा चालू आहे असे समजा. न झाल्यास त्याच दिवशी ती बदलून घ्या, आणि तोवर पाणी गॅसवर तापवा.