एका गंगेचे शेजारी

परभणी जिल्ह्यात गोदावरीला सहसा गंगाच म्हणतात. गंगाखेडच्या नावातही तीच आहे. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांच्या शिवारांतून ती पूर्वेकडे जाते, कंठेश्वरला पूर्णा नदीला सोबत घेते आणि नांदेड जिल्ह्यात शिरते. धर्माबाद ओलांडले की तेलंगणा लागतो. पाथरी तालुक्यातले ढालेगाव आणि तारुगव्हाण, त्याखाली मुदगल आणि पालम तालुक्यातले डिग्रस असे बंधारे या वाटेवर उभे आहेत. त्यांत किती पाणी अडवता येईल, याचा हिशेब मुंबईने एकट्याने मांडलेला नाही. तो हैदराबादशी करार करून मांडला आहे, आणि हा करार पन्नास वर्षांचा झाला.

हे दोन शेजारी मुळात एकाच घरातले. 1956 पर्यंत परभणी, नांदेड, निजामाबाद, आदिलाबाद हे सगळे जिल्हे हैदराबाद राज्यात होते. निजामाच्या काळात टाकलेली हैदराबाद–मनमाड रेल्वे परभणीवरूनच जाते. 1 नोव्हेंबर 1956 ला भाषावार राज्यरचना झाली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलुगू मुलूख आंध्र प्रदेशात गेला. तोवर नांदेड जिल्ह्यात असलेला मुधोळ, भैंसा, कुबेर हा भाग आदिलाबादला जोडला गेला, आणि सरस्वतीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध असलेले बासर सीमेपलीकडे गेले. भाषेच्या हद्दी नकाशावर आखता आल्या, नदीचे मात्र तसे वाटप करता येत नव्हते. 1963 मध्ये आंध्रने पोचमपाडला म्हणजे आजच्या श्रीरामसागर धरणाला सुरुवात केली, 1965 मध्ये महाराष्ट्राने पैठणला जायकवाडीची पायाभरणी केली. दोन्ही राज्ये एकाच नदीवर मोठी धरणे बांधू लागली, तेव्हा वाटणीचा प्रश्न टाळता येण्यासारखा राहिला नाही.

केंद्र सरकारने एप्रिल 1969 मध्ये न्या. आर. एस. बचावत यांच्या अध्यक्षतेखाली गोदावरी पाणीतंटा लवाद नेमला. पण या लवादाच्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग न्यायासनाने लादलेला नाही, तो राज्यांनी आपसांत बोलून ठरवलेला आहे. 6 ऑक्टोबर 1975 रोजी महाराष्ट्र आणि आंध्र प्रदेश यांच्यात करार झाला. त्या वेळी महाराष्ट्राचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण होते, आंध्रचे जलगम वेंगळराव. चव्हाण गोदाकाठच्या नांदेडचे, त्यामुळे या नदीचा टप्पा न् टप्पा त्यांना ठाऊक होता. पुढे जुलै 1980 मध्ये आलेल्या अंतिम निवाड्यात असे आपसांतले करार सामावून घेतले गेले.

करारातले सूत्र साधे आहे. गोदावरीवर पैठण धरणाच्या जागेपर्यंतचे आणि पूर्णेवर सिद्धेश्वर धरणाच्या जागेपर्यंतचे सगळे पाणी महाराष्ट्राने वापरावे. पैठण, सिद्धेश्वर आणि मांजरेवरचे निजामसागर या तिन्हींच्या खाली, पोचमपाडपर्यंतच्या पट्ट्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी जास्तीत जास्त 60 टीएमसी पाणी घेता येईल. एक टीएमसी म्हणजे सुमारे 28.3 दशलक्ष घनमीटर. मराठवाड्यात दलघमी म्हणतात तो हिशेब. म्हणजे 60 टीएमसी सुमारे 1,700 दलघमी होतात, जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणाच्या उपयुक्त साठ्याच्या दुपटीहून थोडे अधिक. परभणी जिल्ह्यातले गोदावरीचे पात्र नेमके याच पट्ट्यात येते. ढालेगावपासून डिग्रसपर्यंतचे बंधारे आणि नांदेडचे बंधारे याच 60 टीएमसीच्या खात्यावर बसवलेले आहेत. एका बंधाऱ्याची क्षमता वाढली, तर दुसऱ्याच्या वाट्याला तेवढी कमी येते.

या वाटणीची खरी परीक्षा झाली ती धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्यावर. चौदा दरवाजांचा, 2.74 टीएमसी क्षमतेचा हा बंधारा तसा लहान आहे. जायकवाडीचा उपयुक्त साठा त्याच्या अठ्ठावीस पट भरतो. अडचण जागेची होती. पोचमपाड भरले की पाण्याचा फुगवटा महाराष्ट्राच्या हद्दीत येतो, आणि बाभळी या फुगवट्याच्याच टापूत बांधला जात होता. आपल्या जलाशयात दुसऱ्याने भिंत घातली, असे आंध्रचे म्हणणे. पात्र आमच्या हद्दीतले आहे आणि पाणी 60 टीएमसीच्या आतले आहे, असे महाराष्ट्राचे म्हणणे. 2006 मध्ये आंध्रने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. 2007 च्या अंतरिम आदेशाने बांधकाम चालू ठेवता आले, पण दरवाजे बसवता आले नाहीत. जुलै 2010 मध्ये चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधारा पाहायला निघाले आणि धर्माबादला त्यांना अटक झाली. तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंना वातावरण तापले होते.

28 फेब्रुवारी 2013 ला निकाल आला. बंधारा राहिला, पण तीन तारखांना बांधला गेला. 1 जुलै ते 28 ऑक्टोबर या पावसाळी काळात बाभळीचे सगळे दरवाजे उघडे ठेवायचे, म्हणजे पुराचे पाणी विनाअडथळा पोचमपाडला पोचेल. 29 ऑक्टोबरपासून दरवाजे खाली करून उरलेले पाणी अडवायचे. 1 मार्चला त्यातले 0.6 टीएमसी खाली सोडायचे. हा आकडा मनाने काढलेला नाही: बाभळीच्या साठ्याचा तेवढा भाग पोचमपाडच्या जलाशयाशी सामाईक आहे. देखरेखीला तीन जणांची समिती नेमली. केंद्रीय जल आयोगाचा प्रतिनिधी अध्यक्ष, आणि दोन्ही राज्यांचा एकेक सदस्य.

ही व्यवस्था महाराष्ट्राच्या शेतकऱ्याला पुरेशी वाटत नाही, आणि त्यात तथ्य आहे. परतीचा पाऊस रुसला तर 29 ऑक्टोबरनंतर अडवायला पात्रात फारसे पाणीच नसते. उलट उन्हाळ्यात काटकसर करून राखलेले पाणी 1 जुलैला, पेरणीला पाऊस आलेला असो वा नसो, सोडून द्यावे लागते. तारखा ठरवताना बदलत्या पावसाला जागा ठेवायला हवी होती. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. 2013 पासून दरवाजे ठरल्या दिवशी उघडतात आणि ठरल्या दिवशी बंद होतात. 2014 मध्ये आंध्रचे विभाजन होऊन पलीकडचा शेजारी बदलला, दोन्हीकडे सत्तांतरे झाली, तरी तारीख बदलली नाही. ज्या नदीवरून आमदारांना अटक झाली होती, तिथे आज अभियंते कॅलेंडर पाहून काम करतात. हे थोडे नाही.

न्यायालयाबाहेरही दोन्ही राज्ये बोलू शकतात, हे 2016 मध्ये दिसले. त्या वर्षी मार्चमध्ये मुंबईत आंतरराज्य मंडळ स्थापण्याचे ठरले आणि 23 ऑगस्टला देवेंद्र फडणवीस आणि के. चंद्रशेखर राव यांच्या उपस्थितीत मेडीगड्डा, तुमडीहेटी आणि चनाखा-कोरटा या तीन बंधाऱ्यांचे करार झाले. गडचिरोलीतल्या बुडितामुळे मेडीगड्डाची पूर्ण पातळी 100 मीटरवर ठेवली गेली. 2019 मध्ये कालेश्वरम योजनेतल्या या बंधाऱ्याचे उद्घाटन झाले, आणि ऑक्टोबर 2023 मध्ये त्याचे काही खांब खचले. पाणी तेलंगणाला आणि बुडणारी शेते सिरोंचाच्या शेतकऱ्यांची, अशी ही विभागणी. मोबदल्यासाठी त्यांना वारंवार आंदोलने करावी लागली. करार राजधान्यांनी केला आणि किंमत काठावरच्या गावांनी मोजली.

1975 च्याच कराराने सुचवलेले संयुक्त प्रकल्प तर अजून रखडलेले आहेत. मुखेड तालुक्यातला लेंडी प्रकल्प महाराष्ट्र 62 आणि तेलंगणा 38 टक्के अशा वाट्याचा, निम्न पैनगंगा 88 आणि 12 टक्के अशा वाट्याचा. ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या लेंडीत पुनर्वसनाचा प्रश्न चार दशके रेंगाळला आणि ऑगस्ट 2025 च्या अतिवृष्टीत धरणक्षेत्रातली हसनाळसारखी गावे पाण्याखाली गेली. वाटणीचे टक्के ठरवले की सहकार्य पुरे होते, हा समज लेंडीने खोटा ठरवला आहे.

जगात याहून जुन्या आणि कडवट वैरातून निघालेल्या सहकार्याचे उदाहरण ऱ्हाइन नदीचे आहे. पश्चिम काठावर फ्रान्सचे स्ट्रासबुर्ग, पूर्व काठावर जर्मनीचे केल. 1870 ते 1945 या पाऊणशे वर्षांत दोन्ही देशांत तीन युद्धे झाली आणि स्ट्रासबुर्गचे स्वामित्व चार वेळा बदलले. 1963 च्या एलिझे कराराने दोन सरकारांनी मैत्रीची शपथ घेतली. पण सामान्य माणसाच्या दृष्टीने अधिक मोलाचा ठरला तो 1996 चा कार्ल्सरूहे करार. त्याने सीमेवरच्या नगरपालिकांना आणि स्थानिक संस्थांना पलीकडच्या संस्थांशी थेट करार करण्याची मुभा दिली. प्रत्येक कागद पॅरिस आणि बर्लिनला पाठवण्याची गरज उरली नाही. 2005 मध्ये स्ट्रासबुर्ग आणि जर्मनीचा ओर्टेनाऊ जिल्हा यांचा संयुक्त युरोडिस्ट्रिक्ट उभा राहिला. 2017 मध्ये स्ट्रासबुर्गची ट्राम नदी ओलांडून केलला गेली.

नदीच्या बाबतीतही तेच. 1 नोव्हेंबर 1986 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझलजवळच्या सँडोझ कंपनीच्या गोदामाला आग लागली, कीटकनाशके ऱ्हाइनमध्ये गेली, पाणी लाल झाले आणि मासे मैलोन् मैल मेले. काठावरच्या देशांचा ऱ्हाइन आयोग 1950 पासून अस्तित्वात होताच. या धक्क्यानंतर त्याने 1987 मध्ये कृतिकार्यक्रम हाती घेतला आणि वरच्या काठावरून खालच्या काठाला इशारा देणारी यंत्रणा मजबूत केली.

भारतात मात्र संविधानाचे कलम 262 आणि 1956 चा आंतरराज्य नदी पाणीतंटा कायदा पाण्याच्या प्रश्नात राज्य सरकारलाच पक्षकार मानतात. नांदेड जिल्हा परिषद पलीकडच्या निर्मल किंवा निजामाबाद जिल्ह्याशी पाण्याचा करार करू शकत नाही. बाभळीच्या देखरेख समितीत ज्यांची शेते भिजतात किंवा बुडतात त्यांना खुर्ची नाही. पावसाळ्यात पोचमपाड भरलेले असले की फुगवट्यामुळे नांदेडकडचा पूर ओसरायला वेळ लागतो. तिथून किती विसर्ग चालू आहे ही बातमी नांदेडच्या गावाला जीवनमरणाची असते, आणि ती मागायला राजधानीपर्यंत फेरा पडू नये.

राज्याच्या आतही धडा हाच आहे. जायकवाडीत 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांपेक्षा कमी पाणी असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून सोडायचे, हे सूत्र मेंढेगिरी समितीच्या अहवालातून आले. त्यावरून टंचाईच्या वर्षी वाद होतात, पण बोट ठेवायला तारीख आणि आकडा आहे. परभणी इथे खालचा शेजारी असतो आणि वरच्याकडे हक्क मागतो. डिग्रसला मात्र तो वरचा शेजारी होतो. टंचाईत डिग्रसचे पाणी नांदेडच्या विष्णुपुरीसाठी सोडायचे ठरले की पालमच्या काठावरचे शेतकरी विरोधाला उभे राहतात, आणि जायकवाडीसाठी मांडलेले सगळे युक्तिवाद उलट बाजूने ऐकू येतात. दोन्ही जागी न्याय एकच हवा. डिग्रस आणि विष्णुपुरी यांच्यातही बाभळीसारखा आणि जायकवाडीसारखा लिखित दिवस आणि लिखित आकडा असावा, तो पावसाळ्याआधी जाहीर व्हावा, आणि ठरवताना पालम, गंगाखेड, पूर्णा आणि नांदेडच्या काठावरच्या ग्रामपंचायती एका टेबलावर बसाव्यात. त्यासाठी लवादाची गरज नाही. दोन्ही जिल्हे एकाच राज्यात, एकाच विभागीय आयुक्तांच्या अखत्यारीत आहेत.