पित्ताची गोळी आणि जेवणाची वेळ

छत्रपती संभाजीनगरच्या शहागंजातील मेडिकलवर ‘पित्ताची गोळी’ म्हणून जी मागितली जाते ती बहुधा पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोल असते. वस्तुतः पित्त यकृतात तयार होते आणि ही गोळी त्याच्या वाटेलाही जात नाही, ती रोखते ते जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल.

जठराच्या अस्तरातील काही पेशींमध्ये हे आम्ल बाहेर टाकणारी प्रथिने असतात, त्यांना ‘प्रोटॉन पंप’ म्हणतात. जेवण सुरू झाले की हे पंप जोमाने कामाला लागतात, आणि आतड्यातून रक्तावाटे तेथे आलेले औषध चालू पंपाजवळच्या तीव्र आम्लातच क्रियाशील होऊन त्या पंपाला जखडून टाकते. औषध रक्तातून काही तासांत नाहीसे होते, तरी परिणाम दिवसभर टिकतो, कारण शरीराला नवे पंप घडवायला वेळ लागतो. पंप जेवणासोबत चालू होतात, म्हणून गोळी जेवणापूर्वी अर्धा ते एक तास घ्यावी लागते. नान आणि मटणाच्या खलियावर ताव मारून मग घेतलेली गोळी वरातीमागून येणाऱ्या घोड्यासारखी ठरते. रमजानमध्ये ती पहाटेच्या सहेरीच्या अर्धा तास आधी घ्यावी, किंवा खजूर-पाण्याने रोजा सोडल्यावर घेऊन मगरिबच्या नमाजानंतर जेवता येते, मात्र पोटातील व्रण (अल्सर) ताजा असेल तर उपवास करावा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावे. गोळीवरील आवरण जठरातील आम्लापासून औषध वाचवते, त्यामुळे ती तोडू वा चघळू नये.

खलियातील तिखटाने जळजळ वाढेल, पण अल्सर, म्हणजे जठर किंवा लहान आतड्याच्या आरंभी पडणारा व्रण, बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे किंवा गुडघेदुखीसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या वेदनाशामकांमुळे होतो. हा जिवाणू ओळखणाऱ्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना २००५ चे नोबेल मिळाले. जिवाणू आढळल्यास आम्लरोधकासोबत प्रतिजैविके साधारण १४ दिवस घ्यावी लागतात. बरे वाटताच ती सोडली तर जिवाणू उरतो.

व्रण भरायला सहसा ४ ते ८ आठवडे लागतात. त्यापुढे वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने गोळी चालू ठेवल्यास ब-१२ जीवनसत्त्व व मॅग्नेशियम घटू शकते. हृदयरोगासाठी क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांनी तर ओमेप्राझोल टाळणेच बरे. व्रणातून रक्तस्राव झाला की शौच काळे होते. लोहाच्या गोळ्यांनीही ते काळसर होते, परंतु ते डांबरासारखे चिकट झाले किंवा उलटीत रक्त दिसले, तर पित्ताच्या गोळीचा परिणाम पाहत न थांबता घाटी रुग्णालयाचा अपघात विभाग गाठावा.